मुक्काम माजलगाव

सायकलनं चार दिवस बीड जिल्हा फिरायचं ठरलं, तेव्हा रोहिणीनं नवऱ्याला, प्रवीणला, आधीच बजावलं, "नातेवाइकांकडं उतरायचं नाही. एकदा आत गेलो की आठवडाभर सोडत नाहीत." म्हणून माजलगावात छबुमावशीचं घर असूनही तिनं लॉजच निवडलं. पण हेल्मेट घातलेली बाई सायकलवरून बाजारातून गेल्यावर खबर लपते थोडीच! दिवेलागणीला मावशी दारात हजर.

"मावशी मेली का गं तुजी? मी जिती असताना लॉजवर? भावकीत तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस. उचल सामान!"

रोहिणी आणि प्रवीण मुकाट्यानं बॅगा भरायला लागले. मावशी दम खायला पलंगावर टेकली. एसीचा गार वारा मानेवर आला, तशी तिनं पांढऱ्याशुभ्र चादरीवरून हात फिरवला.

"हे आथरून सकाळी कोन काढतंय?"

"इथला माणूस."

"आन च्या?"

"फोन केला की वर आणून देतात."

"मग भांडे?"

"तेच घेऊन जातात, मावशी."

मावशीनं चपला पलंगाखाली सारल्या आणि भिंतीकडं तोंड करून ऐसपैस आडवी झाली.

"जावईबापू," ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुमी घरी जावा. तुमचे काका उपाशी बसले असतील. पिठलं जरा पातळच करा, त्यांना दात न्हाईत."