भांडा, वेलणकर!

"आवाज कमी करा हो टीव्हीचा!" शनिवारची झोप मोडलेले खालच्या मजल्यावरचे वेलणकर दारात ओरडले, तेवढ्यात आपला सिक्सर बसला. ते दम खायला थांबले आणि लगेच विकेट पडली.

बाबांनी ताडलं. "थांबू नका, वेलणकर! भांडा!"

वेलणकर पुन्हा तापले. आवाज झाला, टपकणाऱ्या कुंड्या झाल्या, पार्किंग झालं. शेवटच्या ओव्हरला तक्रारीच संपल्या. तेव्हा आईने त्यांच्या हातात पन्हं दिलं आणि गच्चीवरची त्यांची लोणच्याची बरणी आपणच फोडल्याचं कबूल केलं. ते असे काही भडकले की आपण जिंकलोच.

पुढच्या शनिवारी फायनल होती. शेजारधर्म म्हणून आम्ही आवाज अगदी बारीक ठेवला. टॉसआधीच बेल वाजली. दारात वेलणकर, इस्त्रीच्या शर्टात.

"आवाज वाढवा की," ते कळवळून म्हणाले, "मी भांडू कशावरून?"