पोटातून आलेलं

"आठव गं नीट," नर्स निन्फाने पुन्हा विचारलं. "लहानपणी कधी मातीच्या घरात झोपलीस?"

"कधीच नाही." लूर्देसने पुढे आलेल्या पोटावर हात ठेवला. "नाळ गळायच्या आधीच मला इथे कोचाबांबा शहरात आणलं. मादरीनाने, माझ्या धर्ममातेने, वाढवलं. तिच्या घराला सिमेंटच्या भिंती. विंचुका ढेकूण मी फक्त शाळेतल्या चित्रात पाहिलाय."

"मग त्याच्या चाव्याने होणारा रोग तुझ्या रक्तात कसा?"

लूर्देसने दवाखान्याच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सातुर्निनाकडे पाहिलं. तिला जन्म देणारी ती. आज पहिल्यांदाच लूर्देसने निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं होतं, आणि सातुर्निना ठेवणीतला घागरा नेसून डोंगरावरून आली होती.

दर सणाला ती बटाट्यांची गोणी घेऊन मादरीनाच्या दारात जायची. पोरगी परक्या बाईला आदराने म्हणतात तसं "या, दोन्या सातुर्निना," म्हणायची आणि खुर्ची द्यायची. बसल्या बसल्या सातुर्निना तिच्या तोंडावळ्यात आपलं काही सापडतंय का ते शोधायची. नाक बापाचं होतं. हनुवटीही बापाचीच.

"ही पोटात होती तेव्हा माझा एक डोळा सुजला होता," सातुर्निना हळूच म्हणाली. "छपरातून विंचुका पडायचे. आमच्या गावात त्यांना मारत नाहीत. ते आले की पीक चांगलं येतं म्हणतात. माझा डोळा बघून आई म्हणाली, पोर नशिबाची निघणार."

"नशिबाचीच म्हणायची. तो सुजलेला डोळा म्हणजे रोगाचीच खूण. आईकडून पोटातच तो घेऊन आली," निन्फा म्हणाली. मग लूर्देसकडे वळली. "घाबरू नकोस. तुला बाळंतपणानंतर औषध देऊ. बाळाचं रक्त जन्मल्यावर बघू. त्याच्यात असलंच, तर तान्हेपणी औषधाने बहुतेक जातंच."

लूर्देसने मान हलवली.

"दोन्या, तुमचंही रक्त बघायला हवं. आणि तुमच्या सगळ्या मुलांचं. किती आहेत?"

पोर दिली त्या दिवशी सातुर्निनाने मादरीनाला शब्द दिला होता, की ही माझी असं कुणाला सांगणार नाही. तेव्हापासून कुणीही विचारलं की तिच्या तोंडून एकच उत्तर यायचं. आताही सवयीने तेच आलं.

"मला मुलं नाहीत."

निन्फा तिच्याकडे बघतच राहिली.

"एक आहे," लूर्देस म्हणाली. "तिचं रक्त तपासून झालंय."