कचरूचा घास

वजनकाट्यावर बावन्न आकडा आला. अंबिकानं कासव उचललं, ताटली पुसली, पुन्हा ठेवलं. बावन्नच. सोमवारी एकसष्ट ग्रॅम होतं. चिकलठाण्याचा जनावरांचा डॉक्टर म्हणाला होता, पन्नासच्या खाली गेलं तर मग उगाच त्रास देऊ नका त्याला. आज पोटात काहीतरी जायलाच हवं होतं.

गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती बसली. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलात कासव, शेजारी डबा आणि सुई काढलेली सिरिंज. कासवाचे डोळे सुजून मिटले होते. बसच्या पासाची कड तिनं त्याच्या जबड्यात सारली. तोंड जरासं उघडलं. सिरिंज घ्यायला एक हात सोडला, तशी मान गपकन आत गेली. चौथ्यांदा.

"काय करती गं?"

आई जिन्याच्या दारात उभी होती. वाळलेले कपडे काढायला आली असावी.

"औषध पाजतेय."

आईनं हवेत वास घेतला. "औषधाला असला वास?"

"कलेजी आहे. कोंबडीची. मोनालीच्या घरून उकडून आणली."

"ह्या घरात? तुझ्या अण्णांना जाऊन म्हैना नाय झाला अजून."

"घरात नाही आणली. गच्चीवर आहे."

"गच्ची काय शेजाऱ्याची हाय व्हय?"

अण्णांनी माळ घातली त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हापासून या घरात अंड्याचं टरफलही आलं नव्हतं. कासवही माळकऱ्याचंच. पोळीचा कुस्करा, भात, काकडी, एकादशीला भगर. आधीची दोन कासवं मेली, तेव्हा अण्णांनी हे तिसरं उकिरड्यावर टेकवून परत उचललं आणि नाव ठेवलं कचरू. लेकरं जगत नाहीत त्या घरात ठेवतात तसं, टाकून दिलेलं समजून यमानं नजर टाकू नये म्हणून.

"पोळीभातावर हा जीव जगत नाही, आई. मासा, किडे, कलेजी, हेच त्याचं अन्न. कवच दाबून बघ, कसं मऊ पडलंय."

"आधी त्याला चारायचे, मग सोता ताटावर बसायचे तुझे अण्णा." आईचा आवाज चढला. "उपाशी ठेवलं का त्यांनी त्याला?"

"मी तसं म्हटलं का?"

टॉवेलात कासवानं तोंड वासून हवा ओढली. नाकाशी एक बुडबुडा आला आणि फुटला. पुढचा पाय ताणला गेला, तो तसाच राहिला.

आई खाली बसली. गळ्यातली तुळशीची माळ तिनं पाठीकडं सारली, पदर खोचला.

"आण इकडं. तुला धरता येत नाय."

डाव्या पंजात कचरूला घेऊन तिनं जबड्यामागं दोन बोटं रोवली, मान अलगद बाहेर ओढली आणि अंगठ्यानं तोंडाचा कोपरा दाबला. माहेरच्या कळपात कोकरांना काढा पाजताना धरायची, तसं. तोंड उघडलं.

"टाक. दमानं. ठसका लागंल."

अंबिकानं दट्ट्या दाबला. तपकिरी लगदा आत गेला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घशाखालची सैल कातडी हलली. पुन्हा हलली. आणि कचरूनं आपणहून तोंड उघडलं.

अंबिकाला हसू फुटलं. आई हसली नाही. ती त्या उघड्या तोंडाकडं बघत होती.

"आधीच्या दोघायला बी हेच पायजे व्हतं का गं?"

सिरिंज भरता भरता अंबिकाचा हात थांबला. "नाही," ती म्हणाली. "ती थंडीनं गेली."

मुकुंदवाडी स्टेशनात गाडी शिरली, थांबली, निघून गेली.

"दुसरं तर ऐन वैशाखात गेलं." आईनं अंगठा पुन्हा जबड्याच्या कोपऱ्यावर ठेवला. "पर कुणी इचारलं, तर थंडीनंच म्हण."