भागीदारीचा नारळ

वैजयंताला सकाळपासून उपाशीपोटी व्यासपीठावर बसवलं होतं. गरजू विद्यार्थ्यांना मोफत जेवण देण्यासाठी विद्यापीठ पाच संस्थांशी भागीदारीचा करार करत होतं, आणि गरजू म्हणून दाखवायला कुणीतरी हवंच. खानावळीचे आचारी खुर्च्या मांडायला नेल्यामुळे चूल थंडच होती.

शाल-नारळ देऊन पहिला सत्कार तिचाच झाला. मग भाषणं सुरू झाली. तिसरे वक्ते भुकेच्या व्याख्येकडे वळले, तशी ती मागच्या दाराने सटकली. पायरीवर नारळ फोडला आणि खोबरं खायला बसली.

विद्यार्थी-कल्याण अधिकारी परचुरे सर धावत आले. “अगं, नारळ आण लवकर! कुलगुरूंचा सत्कार खोळंबलाय.”

तिने करवंटी दाखवली.

“फोडलास? बये, विद्यापीठाचा एकुलता एक नारळ तो! अख्ख्या सत्राचे सत्कार त्याच्यावर काढले आम्ही!”

“भूक लागली होती, सर.”

आतून चौथ्या वक्त्याचं ‘थोडक्यात सांगतो’ ऐकू आलं. सरांनी मागे पाहिलं, पायरीवर फुंकर मारली आणि टेकले.

“सकाळपासून चहासुद्धा नाही गं,” ते पुटपुटले. “दुसरी करवंटी दे इकडे.”