एकवीस नंबरची बाजू

चेंडू पुन्हा पलीकडेच गेला, तसा सुगंधाबाईंनी पॉपकॉर्नचा डबा बाकावर आपटला.

"पाह्यलं? इकडं फेकतच नाही मेला!"

शनिवारची दुपार होती. अमेरिकेतल्या फ्रिस्कोच्या त्या मैदानात सगळं गाव लोटलं होतं. सुगंधाबाई दसऱ्याला दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन नागपूरहून आल्या होत्या. नेसली होती नऊवारी आणि वर नातवाच्या शाळेचा स्वेटशर्ट. शाळेचा रंग निळा निघाला म्हणून ही शाळा त्यांना पसंत होती. खेळ मात्र रानटी. एकमेकांच्या उरावर बसायचं, आणि वर नाव फुटबॉल!

खाली मैदानाच्या कडेला लहू उभा होता. आजोबांचं नाव चालवणारा एकुलता एक नातू, पाठीवर एकवीस नंबर. त्याचं काम त्याच्या बापानं, रवीनं, आईला जेवणाच्या टेबलावर शेंगदाणे मांडून समजावलं होतं. समोरच्या संघातलं पोरगं धावत सुटलं की त्याच्या अंगाला सावलीसारखं चिकटायचं. लांबून फेकलेला चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नाही. जमलं तर मधल्यामधे आपणच पळवायचा.

"म्हणजे चेंडू आला तरच पोट्ट्याची कला दिसन," सुगंधाबाईंनी तेव्हाच ओळखलं होतं.

आणि आज तीच तर दिसायला हवी होती. मोठ्या कॉलेजचा एक माणूस खास लहूला बघायला आला होता. त्याच्या मनात भरला तर लहू त्या कॉलेजच्या संघात. पोरानं लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं. सकाळी एक घास त्याच्या घशाखाली उतरला नव्हता.

तो माणूस खालच्या रांगेत दुर्बीण लावून बसला होता. तोही दीडशहाणाच. चेंडू तिकडं पडला तरी ह्याची दुर्बीण इकडंच. भोंग्यावरून सगळ्या पोरांची नावं गाजत होती. लहू गजभिये हे नाव एकदाही नाही.

"आई, गेम असाच असतो," सून उपासना म्हणाली. "तुम्ही चिल करा ना."

"तू चिल कर. माझं रगत तापलंय."

तापणारच. असला खेळ त्यांनी पूर्वी पाहिला होता. गावच्या शाळेत त्या जेमतेम दोन वर्षं गेल्या, तीही दाराबाहेर बसून. आतली पोरं अंगणात लगोरी खेळायची. चेंडू घरंगळत सुगंधाच्या पायाशी आला की त्याच्यावर पाणी शिंपडूनच परत घ्यायची. पुढं तेवढाही त्रास नको म्हणून ती पोरं तिच्या बाजूला चेंडू मारीनाशीच झाली. ओंजळ पसरून उभी राहिलेली ती पोर सुगंधाबाई विसरल्या नव्हत्या. आणि आता समुद्र ओलांडून आलं तरी तेच? नातवाच्या वाट्यालाही तेच?

त्या उठल्या.

"आई, कुठं निघालीस? बस ना यार!" रवी दबक्या आवाजात म्हणाला.

"बसली होती मी, शाळेच्या दाराबाहेर. आता नाही बसत."

नऊवारीचा काष्टा सावरत त्या पायऱ्या उतरल्या. मागून रवी. बँडवाल्या पोरींना बाजूला सारत, वळसा घालून त्या थेट समोरच्या संघाच्या बाकामागं कुंपणाला जाऊन भिडल्या. मॅच संपत आली होती. समोरचा संघ थोडक्यानं मागं होता. त्यांचा लठ्ठ, लालबुंद कोच चेंडू फेकणाऱ्या पोराची मान धरून काहीतरी ओरडत होता आणि लहूकडं बोट दाखवत होता.

"काय म्हणते तो टमाट्या?"

रवीनं ऐकलं आणि त्याला हसू फुटलं. "म्हणतोय, 'एकवीसकडे फेकणं सोड, बघूसुद्धा नकोस.'"

"झालं! म्हणलं नव्हतं मी?" सुगंधाबाईंनी दोन्ही हातांनी कुंपणाची जाळी गदगदा हलवली. "ए टमाट्या! माझ्या नातवाला वाळीत टाकतं का रे? कायदा लिहून गेला आमचा बाप!"

कोच दचकून मागं वळला. समोर निळ्या स्वेटशर्टातली, कपाळाला आठ्या घातलेली म्हातारी. त्याला वाटलं, आपल्याला शुभेच्छा देतेय. त्यानं अदबीनं टोपी उचलली.

"आई, अगं थांब!" रवीनं तिचे हात धरले. "वाळीत नाही टाकलं. घाबरतात ते लहूला. त्याच्या बाजूला गेलेला चेंडू परत मिळत नाही त्यांना. सीझनच्या सुरुवातीला फेकून बघितलं सगळ्यांनी, आता कुणाची हिंमत होत नाही. अर्धं मैदान बंद करून ठेवलंय त्यानं! तो कॉलेजवाला हेच तर बघायला आलाय."

सुगंधाबाईंनी मान वळवली. दुर्बीणवाला उभा राहिला होता. चेंडू पलीकडं पडला, शिट्टी वाजली, निळे जिंकले, आणि त्याची दुर्बीण अजून लहूवरच होती. मग ती खाली घेऊन त्यानं रवीला शोधलं आणि लांबूनच अंगठा उंचावला.

रवी लहान पोरासारखा उड्या मारू लागला. सुगंधाबाई मात्र जाळीला धरून तशाच उभ्या होत्या. मैदानाच्या त्या बाजूला लहू एकटा होता, आणि त्याच्या आजूबाजूला लांबपर्यंत कुणीच नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि खुदकन हसल्या.

"रवी, आपल्यापासून लांब राहणारे लई पाह्यले मी. भेऊन लांब राहणारे आज पहिल्यांदा पाह्यले."