पॅराशूटची घडी

"आणि उघडलंच नाही तर?" नदीकाठच्या मैदानावर शिओरीने पुन्हा विचारलं. रॉकेटसाठी ती वर्षभर खपली होती आणि परीक्षक होरिगुचींची अट एकच होती: पॅराशूट उघडलं तर रॉकेट उडवायचा परवाना, नाहीतर पुढच्या वर्षी या.

"उघडेल गं. आधी दोन घास खा," तिच्या आईने, फुमिएने, भाताचा गोळा पुढे केला. आयुष्यभर एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांच्या भेटवस्तू बांधणाऱ्या फुमिएला घाई कसली ती ठाऊकच नव्हती.

शिओरीने तो बाजूला ठेवला. तिने बटण दाबलं. रॉकेट सूं करत वर गेलं, फट् आवाज झाला, टोपण उडालं आणि पाठोपाठ लाल कापड बाहेर पडलं.

"निघालं!" शिओरीचा जीव भांड्यात पडला.

"निघणारच. तू अंघोळीला गेलीस तेव्हा बघितलं मी, नुसतं बोचकं कोंबलं होतंस. होरिगुची सरांसमोर काय शोभा झाली असती! चापूनचोपून घडी घातली, वरून फीत बांधली. आता कितीही वारा येऊ दे, सुटायची नाही."