पुन्हा फुटलेला दिवा

“ताई, या गल्लीला अंधाराचीच आवड दिसतेय!” शिडीवरून वायरमन ओरडला.

जमलेली माणसं हसली. नगरसेविकेला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच गल्लीत ती लहानाची मोठी झाली होती. इथेच आईच्या हातचा मार चुकवत पळायची. वरच्या खिडकीतून आलेली चप्पल तरी बरोबर पाठीत बसायची. ‘निवडून आले तर इथे अंधार राहणार नाही,’ हा शब्दही तिने इथेच दिला होता. आता कुणीतरी सारखा दिवा फोडत होतं आणि दर वेळी सगळी कामं टाकून ती धावत येत होती. काल तर दूधवाला सायकलसकट आपटला.

काचांमध्ये तिला एक पांढरा, गुळगुळीत गोटा सापडला. तो मुठीत धरून ती तडक समोरच्या टेलरच्या दुकानात शिरली. निवडणुकीत तो उघडउघड तिच्या विरोधात फिरला होता.

“काका, मत नाही दिलंत, चालेल. पण राग दिव्यावर कशाला काढता?”

मशीन थांबलं. दारात माणसं जमली. तिचे शाळेचे गणवेश शिवणाऱ्या टेलरकाकांनी गोट्याकडे पाहिलं, मग वर, तिच्या आईच्या खिडकीकडे. मान खाली घातली.

“माझ्या नावावर घाल, पोरी. पण पोलिसांत नको जाऊस.”

“ऐकलंत ना सगळ्यांनी?”

दारातली माणसं एकेक करून पांगली. तिलाच कसंनुसं झालं. वायरमनला दिव्यावर जाळी बसवायला सांगून ती वर आईकडे गेली.

आई खिडकीशीच बसली होती. चहा तयार होता.

“सापडला एकदाचा चोर,” लेक म्हणाली. “टेलरकाका! गल्लीसमोर चांगली खरडपट्टी काढली.”

आईने चहाचा कप तिच्या हातात दिला.

“त्याचा कसला नेम गं? त्याला हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही.”

“त्यांनीच कबूल केलं, आई. चल, मीटिंग आहे. निघते मी.”

“आत्ता तर आलीस.”

घाईघाईने कप ठेवायला ती खिडकीशी गेली. कुंडीतल्या मातीवर पांढरे, गुळगुळीत गोटे गोलाकार मांडलेले होते. मध्येमध्ये जागा रिकाम्या होत्या.

खाली वायरमन जाळी आवळत होता. टेलरकाकांचं मशीन अजून बंदच होतं.

“जाळी नको बसवूस गं,” तिच्याकडे न बघता आई म्हणाली. “मग तू येशील कधी?”